पऱ्हाटीचे कान

आमच्या घरी घट बसतो तो मधल्या खोलीतल्या कोनाड्यात. त्या खोलीला खिडकी नाही. नऊ दिवस एक दिवा जळतो, तेवढाच काय तो उजेड. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरून तिच्यात गहू आणि जवारी पेरतात. दसऱ्यापर्यंत त्याचे वीतभर कोंब झालेले असतात. पिवळेधमक, नाजूक, दिव्याच्या बाजूला किंचित कललेले. सकाळी माय ते उपटते, देवाला वाहते, बाबांच्या टोपीत खोवते आणि आमच्या कानामागे खोचते. मी ज्युनिअर कॉलेजात गेली वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे, पण दसऱ्याला दारव्ह्याच्या पुढच्या आमच्या गावात आले की मायसमोर मान वाकवून उभी राहतेच.

यंदा कोंब खोचता खोचता ती थांबली. एक कोंब बोटांत धरून म्हणाली, "उजेड नाही तं मरायले पाहिजे होतं यानं. हे तं उन्हातल्या गव्हापरीस उंच वाढून राह्यलं. कावून वं?"

मी शिकवल्यासारखं सांगितलं. अंधारात उगवलेलं रोप मातीखाली अडकलेल्या बीसारखं वागतं. बियात साठवलेली शिदोरी ते हिरवा रंग बनवण्यावर खर्च करत नाही, पानं उलगडण्यावर करत नाही. सगळी शिदोरी लांब होण्यावर लावतं, म्हणजे एकदाचं डोकं उजेडात निघेल. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाव, पण त्याले सांगते कोण?"

वर्गात हा प्रश्न मला वीस वर्षांत कुणी विचारलेला नाही. त्याचं उत्तर गेल्या पन्नासेक वर्षांत माणसाला हळूहळू सापडत आलं आहे. ते वाचताना मी आमच्याच घरात, आमच्याच शेतात फिरते आहे असं मला अनेकदा वाटलं. म्हणून हे लिहायला बसले.

कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जोआन कोरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. अंधारात वाढणारं रोप उजेडातल्या रोपापेक्षा वेगळं कसं वागतं, हाच त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी अ‍ॅराबिडोप्सिस घेतलं. हे मोहरीच्या कुळातलं वीतभर उंचीचं रोप, जगभरच्या प्रयोगशाळांचं लाडकं. त्यातली काही बिघडलेली रोपं त्यांनी निवडून काढली. ही रोपं काळोखात ठेवली तरी उजेडात असल्यासारखी वागत. बुटकी राहत आणि पानं पसरून बसत. आमच्या घटात असा एखादा कोंब निघाला असता तर मायनं तो अपशकून मानला असता. अशा एका बिघाडाला 'डेट-२' असं नाव दिलं गेलं. १९९६ मध्ये त्या बिघडलेल्या जनुकाची ओळख पटली, आणि जे हाती आलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. ते जनुक ज्या एन्झाइमची कृती सांगतं, तसंच एन्झाइम माणसाच्या शरीरातही आहे. आपल्याकडे ते टेस्टोस्टेरॉन या स्टेरॉइड हार्मोनचं अधिक जोरकस रूप बनवतं. प्रोस्टेटसाठी बाबा रोज रात्री फिनास्टेराइडची जी गोळी घेतात, ती याच एन्झाइमला अडवते.

पुढल्याच वर्षी प्रयोग झाला. माणसाचं हे जनुक त्या बुटक्या रोपात घातलं, तर रोप सरळ होऊन वाढायला लागलं. उलटही करून पाहिलं. रोपाचं जनुक माणसाच्या पेशींत घातलं, तर त्यानं प्राण्यांच्या स्टेरॉइडवर बिनचूक काम केलं. बाबांची प्रोस्टेट ग्रंथी आणि देवघरातला गव्हाचा कोंब यांच्यात एवढी जवळीक असेल असं कुणाला वाटलं असतं?

म्हणजे कोंबाला सांगणारा एक स्टेरॉइड होता.

तो सापडला होता त्याच्याही आधी. १९७० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी मोहरीच्या भावंडाच्या, म्हणजे रेप नावाच्या पिकाच्या परागातून एक अर्क काढला. घेवड्याच्या कोवळ्या खोडाला तो लावला की खोड झपाट्यानं लांब होई. त्यात नेमकं काय आहे हे कळायला आणखी नऊ वर्षं लागली. मधमाश्यांनी गोळा केलेला २२७ किलो पराग घेतला, तो गाळत गाळत शेवटी हाती आले ते काही मिलिग्रॅम स्फटिक. चिमटीतही येणार नाहीत इतके. १९७९ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध झाली आणि पदार्थाचं नाव ठेवलं ब्रासिनोलाइड. या सगळ्या घराण्याला आज ब्रासिनोस्टेरॉइड म्हणतात. सव्वादोनशे किलो पराग वेचायला मधमाश्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मला तर वाटतं त्या शोधनिबंधात त्यांचेही आभार मानायला हवे होते.

स्टेरॉइड हा शब्द आमच्या घरात मात्र फार वेगळ्या दारानं आला.

पंधरा वर्षं झाली असतील. मायचे गुडघे आणि बोटं धरली होती. सकाळी भाकर थापता येत नसे. जवळच्या एका गावात पुड्या देणारे एक जण होते. दोन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून मिळत, नाव-गाव काही नाही. पहिल्या आठवड्यातच माय उठून वावरात गेली. गावभर सांगत फिरली की देवमाणूस आहे. मी अमरावतीला होते. दिवाळीला आले तर तिचा चेहरा गोल झालेला, गाल वर आलेले, हातावर जरा काही लागलं की निळे डाग. बाया म्हणत, तब्येत सुधारली. मला खटकलं होतं. पण तिला चालताना बघून मी गप्प राहिले. जीवशास्त्र शिकवणारी मी, आणि गप्प राहिले. हे मला आजही सलतं.

मग कुणीतरी तिला सांगितलं की या गोळ्यांनी हाडं पोकळ होतात. माय घाबरली आणि तिनं एका दिवसात सगळं बंद केलं. पाचव्या दिवशी ती अंगणात पडली. रक्तदाब खाली गेलेला, उलट्या, डोळे उघडवत नव्हते. दवाखान्यात गेल्यावर कळलं की पुडीत स्टेरॉइड होतं. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचा स्टेरॉइड बनवतात. बाहेरून तसाच माल रोज येत राहिला की मेंदूकडून त्यांना कळतं, पुरे झालं. त्या काम थांबवतात, आळसावतात, आक्रसतात. बाहेरचा माल एकाएकी बंद केला तर घरात काहीच नसतं. म्हणून स्टेरॉइड हळूहळू उतरवतात. तिला उतरवायला कित्येक महिने लागले.

पुढे ब्रासिनोस्टेरॉइडबद्दल वाचताना मला तो कागद आठवला. वनस्पतीतही हेच घडतं. ब्रासिनोस्टेरॉइडचा निरोप केंद्रकापर्यंत पोचला की जी प्रथिनं कामाला लागतात, त्यातलंच एक प्रथिन, बीझेडआर-१, ब्रासिनोस्टेरॉइड बनवणाऱ्या जनुकांना दाबून धरतं. पोचलं, आता बनवणं कमी करा. मायच्या शरीरात आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, झाडात एकच शहाणपण. दोघांनी ते एकमेकांपासून शिकलेलं नाही, आणि मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

स्टेरॉइडची मूळ बांधणी सगळीकडे एकसारखी. कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली, तीन सहा कोनांची आणि एक पाच कोनांचं. ही चौकट बनवण्याची कला फार जुनी. प्राणी, बुरशी, वनस्पती वेगळे झाले त्याच्याही आधीपासूनची. प्राणी तिच्यातून कोलेस्टेरॉल करतात आणि कोलेस्टेरॉलपासून हार्मोन. वनस्पती कॅम्पेस्टेरॉल करतात आणि त्यापासून ब्रासिनोलाइड. म्हणून तर माणसाचं एन्झाइम रोपात चाललं. कारागिरी एकाच घराण्याची आहे.

पण ऐकायचे कान ज्याचे त्यानं वेगळे घडवले.

मायच्या शरीरात कॉर्टिसॉल किंवा पुडीतलं औषध सरळ पेशीच्या आत शिरतं. आत त्याला धरणारं प्रथिन असतं, ते त्याला घेऊन केंद्रकात जातं आणि थेट जनुकांवर बसतं. माहेरचा माणूस कसा ओसरी ओलांडून सरळ चुलीपर्यंत येतो, तसं. या प्रथिनांचं घराणं वनस्पतींत नाहीच. पऱ्हाटीत, गव्हात, मोहरीत स्टेरॉइडला ओसरीवरच थांबवतात. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर एक प्रथिन असतं, बीआरआय-१. त्याचं जनुक १९९७ मध्ये कोरी यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं. त्याचा बाहेरचा भाग म्हणजे पंचवीस सारख्या घड्यांची वळलेली साखळी आणि तिच्या मध्येच एक आगंतुक तुकडा. २०११ मध्ये त्याची त्रिमिती रचना दिसली तेव्हा कळलं की स्टेरॉइड त्या तुकड्याशेजारच्या खोबणीत जाऊन बसतो. तो बसला की शेजारचं दुसरं एक प्रथिन येऊन त्याला चिकटतं आणि दोघांच्या आतल्या टोकांना चेतना मिळते. पाहुणा आत येतच नाही. निरोप तेवढा आत जातो.

आत काय होतं, ते मी मुलांना ओलिताच्या उदाहरणानं सांगते. पाटात पाणी असतंच, पण वाफ्याचं तोंड मातीच्या ढेकळांनी बंद केलेलं असतं. पाणी सोडायचं म्हणजे नवीन काही आणायचं नसतं, ढेकूळ बाजूला करायचं. पेशीतलं ढेकूळ म्हणजे बीआयएन-२ नावाचं एन्झाइम. ते बीझेडआर-१ आणि त्याच्या भावाला सतत फॉस्फेट चिकटवून केंद्रकाबाहेर अडवून ठेवतं. ओसरीवरून निरोप आला की बीआयएन-२ गप्प होतं, अडवलेली प्रथिनं केंद्रकात जातात आणि वाढीची जनुकं जागी होतात. मायच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. घटातल्या कोंबाला वाढायला जोर लागतो तो त्याच्यात होताच. स्टेरॉइड येऊन फक्त अडसर काढतो.

दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्याकडे पहिली वेचणी करतात. दुपारी आम्ही वावरात गेलो. धुऱ्याजवळच्या एका तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, सीतादही मांडलं, दहीभात ठेवला, आणि बायांनी ओट्या बांधल्या. पहिली बोंडं फुटलेली होती, वरची अजून हिरवी. शेंड्याला एखादं फूलही होतं. पहिल्या दिवशी फूल मलईच्या रंगाचं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. ज्या दिवशी ते मलईच्या रंगाचं असतं, त्याच दिवशी आत, भावी सरकीच्या कातडीवरच्या काही पेशी फुगून वर येऊ लागतात. तिथून पुढे साधारण तीन आठवडे त्या फक्त लांब होत जातात. कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. रुंदी केसापेक्षा बारीक आणि लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे रुंदीच्या हजारपटीहून जास्त. मग ती पेशी आतून सेल्युलोजचे थर चढवत जाते, मरते, बोंड उकलतं आणि आपण तिला कापूस म्हणतो. वनस्पतींत इतकी लांब वाढणारी एकटी पेशी क्वचितच सापडेल. २००५ मध्ये संशोधकांनी कापसाची कोवळी बीजं काचेच्या भांड्यात वाढवली. पोषणात ब्रासिनोलाइड घातलं तर धागे जास्त लांब झाले. ब्रासिनोस्टेरॉइड बनू न देणारं द्रव्य घातलं तर धागा धरेचना.

म्हणजे आमचं घर ज्याच्यावर चाललं, माझी फी ज्याच्यातून भरली गेली, तो धागा एका स्टेरॉइडचा निरोप ऐकून लांब झाला आहे. ज्या शब्दानं मायला अंगणात पाडलं, त्याच शब्दाच्या घराण्यातला निरोप. मला त्या दुपारी तासात उभं राहून हे तिला सांगावंसं वाटलं, पण नेमकं कुठून सुरू करावं ते सुचेना.

पाणी प्यायला विहिरीवर गेले. आमची विहीर आजोबांच्या वेळची, काळ्या दगडाची बांधणी. पावसाळा भरपूर झाल्यामुळे पाणी हाताला येण्याइतकं वर आलेलं. वाकून बघितलं आणि तिथंच बसून राहिले.

खाली पाण्यावर हिरव्या केसांसारखं शेवाळ तरंगत होतं. बोटाला बुळबुळीत लागलं, म्हणजे स्पायरोगायराच असणार. या बुळबुळीत शेवाळाचं कूळ जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचं सर्वांत जवळचं नातेवाईक आहे. त्याच्यावर, ओल्या दगडावर मॉसची मखमल. तिच्याही वर, दगडाच्या फटीत हंसराजाचे काळ्या देठांचे नाजूक झुपके. हे नेचे. आणि अगदी वर, काठावर, पिंपळाचं रोप, जे बाबा दरवर्षी उपटतात आणि जे दरवर्षी उगवतं. पाण्यापासून काठापर्यंत पाच-सहा हातांत वनस्पतींच्या जमिनीवर येण्याची सगळी पायरीपायरीनं रचना. अर्थात हे कुणी कुणाचे पूर्वज नव्हेत. आज जिवंत आहेत ते सगळे एकमेकांचे चुलतभाऊ. पण कुठली शाखा आधी फुटली आणि कुठली नंतर, हे त्यांच्याकडे पाहून वाचता येतं.

वनस्पती जमिनीवर आल्या त्याला सुमारे ४७ कोटी वर्षं झाली. आमच्या विहिरीचा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. दगडावर बसलेल्या मॉसचं घराणं त्या दगडाच्या सातपट जुनं आहे. मी मॉसवर तळहात ठेवला. थंड होतं, आणि खाली दाबलं तर बोटांच्या फटीतून पाणी आलं.

या मॉसमध्ये बीआरआय-१ नाही. ज्या ओसरीवरच्या कानाचं एवढं वर्णन केलं, तो मॉसमध्ये सापडत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या मातीवर चिकटून वाढणाऱ्या रिक्सिया-मार्केंशियाच्या घराण्यातही सापडत नाही. पण बीआयएन-२ चं घराणं, ते ढेकूळ, तिथं आहे. ते तर माणसातही आहे. आपल्या शरीरात त्याचं भावंड साखरेच्या साठवणीवर लक्ष ठेवतं. बीझेडआर घराण्यातली, ढेकळामागे अडलेली प्रथिनंही तिथं आहेत. मार्केंशियात तशा प्रकारचं एकच जनुक आहे. २०२१ मध्ये ते काढून टाकून पाहिलं, तर पेशींचं विभागणं आणि त्यांनी आपापलं रूप घेणं विस्कटलं. म्हणजे वाफ्याचं तोंड, ढेकूळ आणि पाणी ही सगळी व्यवस्था त्या कानाच्या आधीपासून होती. ती आपली आपली कामं करत होती.

आणखी एक. कॅस्टास्टेरोन नावाचा ब्रासिनोस्टेरॉइड, ब्रासिनोलाइडच्या अगदी आधीची पायरी, अल्पशा प्रमाणात मॉसमध्येही मिळाला आहे, नेच्यांमध्येही. म्हणजे निरोपही जुना. आजच्या पऱ्हाटीत आहे तसा कान मात्र नंतरचा.

हे वाचेपर्यंत माझी समजूत अगदी उलटी होती. मला वाटायचं, आधी हार्मोन येतो, मग त्याच्यासाठी कान तयार होतो, मग कान पेशीला काय करायचं ते शिकवतो. वर्गातही मी बाण काढत काढत तसंच शिकवलं. फळ्यावर वरून खाली. सृष्टीत ते खालून वर बांधलं गेलं. आतलं घर आधी, ओसरी मागाहून.

आणि ओसरी आली कुठून, तर जवळच्याच घरातून. बीआरआय-१ ला एक भाऊबंद आहे, ईएमएस-१. तो स्टेरॉइड ऐकत नाही, एक छोटं प्रथिन ऐकतो. फुलाच्या परागकोशात परागाला पोसणारा थर त्याच्यामुळे तयार होतो. दोघांचे बाहेरचे भाग वेगवेगळे, कारण ऐकायचं वेगवेगळं. पण आतले भाग अदलाबदल करून पाहिले तर काम अडत नाही. एकाचा बाहेरचा कान आणि दुसऱ्याचं आतलं टोक असं जोडून रोपात घातलं, तरी निरोप पोचतो. या भाऊबंदांसारखी प्रथिनं मॉसच्या बाजूलाही आहेत. जुन्या कानाची नक्कल निघाली, नकलेच्या बाहेरच्या बाजूला तो आगंतुक तुकडा आला, खोबण तयार झाली, आणि तोवर रेंगाळत असलेला स्टेरॉइड तिथं बसला. आतली तार तीच राहिली.

पिंपळाच्या रोपात, हंसराजाच्या वर, हा कान आहे. उंच व्हायचं तर खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या पाहिजेत. ब्रासिनोस्टेरॉइड बनवू न शकणाऱ्या रोपांत नेमक्या याच नळ्या, जलवाहिन्या, कमी भरतात. जमिनीवरची पहिली उभी झाडं काही सेंटिमीटरची होती. तिथून पिंपळापर्यंतच्या उंचीत या निरोपाचा मोठा हात आहे असं मी मानते.

मी वर बघितलं तेव्हा बाबा काठावर उभे होते. विळ्यानं पिंपळाचं रोप कापायला आलेले. "काय करून राह्यली वं तिथं? पडशील ना."

बाबांना उंचीची एक जुनी हळहळ आहे. त्यांच्या लहानपणी वावरात जवारी असे. "जवारीत उभा माणूस दिसे नाही," हे ते अजून हातानं दाखवून सांगतात. मग १९६४ मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. गावात तिचं नावच 'हायब्रीड' पडलं. भाकरही हायब्रीडची आणि कणीसही हायब्रीडचं. दाणा भरपूर, ताट बुटकं. रेशनच्या रांगा बघितलेल्या पिढीला तो दाणा हवाच होता, आणि बाबाही ते नाकारत नाहीत. पण कडबा गेला, त्याच्या मागोमाग बैल गेले, आणि मग सोयाबीननं जवारीच गेली. जगभर बुटक्या ज्वारीसाठी जी मोजकी जनुकं वापरली गेली, त्यातलं एक 'ड्वार्फ-१'. ते नेमकं काय करतं हे २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. चांगलं असेल तर ते बीआयएन-२ ला केंद्रकात जाऊ देत नाही. बिघडलं की बीआयएन-२ मोकळं होतं, ढेकूळ घट्ट बसतं आणि ताट बुटकं राहतं. पूर्व आशियातल्या 'उझू' नावाच्या बुटक्या बार्लीत तर खुद्द बीआरआय-१ च बिघडलेलं आहे. ती थोडी बहिरी बार्ली आहे. शेकडो वर्षं शेतकरी ती निवडत आले, का बुटकी आहे हे न कळताही.

बाबांना मी ढेकळाची गोष्ट सांगितली. ओलिताचं उदाहरण त्यांना लगेच कळलं. थोडा वेळ विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वाढायचं होतं तिले. वाढू देल्लं नाही."

परतताना धुऱ्यावरचा आघाडा लुगड्याला चिकटला. गौरी-गणपतीच्या पत्रीतला हाच आघाडा. याच्यात एक्डिस्टेरॉन असतं, म्हणजे किडे कात टाकतात ते ज्याच्या सांगण्यावरून, तोच स्टेरॉइड. पालकातही असतो. गुलाबी बोंडअळी आमच्या बोंडात शिरून मोठी होते तेव्हा तिच्या अंगात याच घराण्यातला निरोप फिरत असतो आणि तिची कातडी गळते. एका तासात चार हातांच्या अंतरावर किती निरोप चालले होते त्या दुपारी. पऱ्हाटीत एक, अळीत एक, वेचणाऱ्या बायांच्या अंगात कितीतरी. सगळ्यांची चौकट चार कड्यांची. कुणाचा कुणाला ऐकू येत नव्हता.

कृषी केंद्रात होमोब्रासिनोलाइडची छोटी बाटली मिळते, ०.०४ टक्के असं लिहिलेली. भाऊ मागच्या वर्षी घेऊन आला होता, टॉनिक म्हणून. मायनं बाटलीवरचं मला वाचायला लावलं. मी स्टेरॉइड हा शब्द उच्चारला आणि ती बाटली तिनं गोठ्याच्या आढ्यावर ठेवून दिली. पिकाला ते औषध चालतं, माणसाच्या पुडीशी त्याचा संबंध नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. ती अजून तिथंच आहे. मी आग्रह केला नाही. त्या शब्दानं तिला काय केलं ते मी पाहिलं आहे.

उन्हं उतरली तेव्हा मायची ओटी अर्धी भरली होती. तिची बोटं आता सरळ होत नाहीत, सांध्यांवर गाठी आहेत, पण बोंडातून कापूस काढताना ती अडखळत नाहीत. पाचही पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात हातात येतो आणि वाळलेलं टरफल झाडालाच राहतं. मी तिच्या बाजूच्या तासात होते. माझ्या कापसाबरोबर पानाचा चुरा येत होता.

तिनं एक सरकी घेतली. दोन्ही अंगठ्यांनी धागे ओढून विंचरल्यासारखे सरळ केले, आणि आपल्या तर्जनीच्या पेरावर धरून मोजले. बाजारात ग्रेडर असंच मोजतो.

"पाह्य बरं, केवढा व्हय."

पेराच्या पलीकडे गेला होता. मी म्हटलं, "माय, सकाळी तू विचारलं ना, त्या कोंबाला कोण सांगते म्हणून. ह्या धाग्यालेही तोच सांगते."

"कोण तो?"

मी वाकले तसा कानामागचा घटाचा कोंब सुटला आणि तिच्या ओटीत पडला, पांढऱ्या कापसावर पिवळा. तिनं तो बोटांनी निवडून काढला. "काडीकचरा नको पडू देऊ वं, भाव कमी लागते," म्हणाली, आणि माझी वेणी बाजूला सारून तो पुन्हा कानामागे खोचला. "हं, सांग आता."